सर्वांत स्वस्त संघ

20 फेब्रुवारी 2008. मुंबईतल्या एका हॉटेलात माणसांचा लिलाव सुरू होता. महेंद्रसिंह धोनीवर हातोडा पडला तेव्हा आकडा 15 लाख डॉलरवर गेला होता. शेन वॉर्नच्या नावावर मात्र बोली मूळ किमतीच्या, म्हणजे साडेचार लाखांच्या वर सरकलीच नाही. वय 38, आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडून वर्ष उलटलेलं. राजस्थान रॉयल्सने त्याला घेतलं.

हा संघ तेव्हा आयपीएलमधला सर्वांत स्वस्त. मालकांनी तो 6 कोटी 70 लाख डॉलरना घेतला होता, तर मुंबईचा 11 कोटी 19 लाखांना गेला होता. मालकमंडळींतला प्रमुख मनोज बडाळे, जन्म धुळ्याचा, वाढला इंग्लंडमध्ये. प्रत्येक संघाने किमान 33 लाख डॉलर खर्च करावेत असा नियम होता. राजस्थानने तेवढेही केले नाहीत आणि त्याबद्दल दंड भरला.

नुसती काटकसर म्हणावी, तर ती कुठलाही कंजूष दुकानदार करतो. इथे खरी गंमत पुढे आहे. वॉर्नला कप्तानी, प्रशिक्षकपद आणि खेळाडू निवडण्याची मुभा, तिन्ही मिळालं. शिवाय, त्यानेच पुढे सांगितल्याप्रमाणे, खेळलेल्या दर मोसमासाठी संघाच्या मालकीत पाऊण टक्का हिस्सा. ऑस्ट्रेलियाने ज्याला कसोटी संघाचं कायमचं कप्तानपद कधी दिलं नाही, त्याच्या हाती अख्खं दुकान सोपवलं.

पहिला सामना दिल्लीविरुद्ध, नऊ गडी राखून हार. हसणाऱ्यांनी हसून घेतलं.

मग माणसं आपापल्या जागी बसू लागली. सव्वा लाख डॉलरचा शेन वॉटसन स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एक लाखाच्या सोहेल तन्वीरने चेन्नईविरुद्ध 14 धावांत 6 गडी टिपले. एकोणीस वर्षांचा रवींद्र जडेजा वॉर्नच्या तोंडी ‘रॉकस्टार’ झाला. आणि गोव्याचा बुटका सलामीवीर स्वप्नील अस्नोडकर! गोव्याबाहेर ज्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं, तो ग्रेम स्मिथबरोबर डावाची सुरुवात करू लागला. पहिल्याच सामन्यात कोलकात्याविरुद्ध 60. मोसमात नऊ सामने, 311 धावा.

1 जून, अंतिम सामना, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. चेन्नईच्या 163. यूसुफ पठाणने तीन गडी घेतले, मग 56 धावा ठोकल्या. शेवटचा चेंडू, हवी एक धाव, समोर तन्वीर, दुसऱ्या टोकाला वॉर्न. चेंडू मिडविकेटकडे गेला आणि दोघे धावले.

पुढचं वर्ष मात्र या गोष्टीत सहसा सांगितलं जात नाही. 2009 मध्ये राजस्थान सहावं आलं. गोलंदाजांनी अस्नोडकरचे कच्चे दुवे हेरले होते; आयपीएल कारकिर्दीतल्या उरलेल्या अकरा सामन्यांत त्याला 112 धावाच जमल्या. बडाळेंनी 2020 मध्ये क्रिकेट आणि व्यवसाय यांवर पुस्तक लिहिलं तोवर दुसरं विजेतेपद आलेलं नव्हतं. युक्ती सगळ्यांना दिसली होती. स्वस्तात मिळणारा हिरा आता सगळेच शोधत होते.

जडेजाही राजस्थानकडे राहिला नाही. 2012 च्या लिलावात त्याच्यासाठी 20 लाख डॉलर मोजले गेले, आणि ते मोजणारा संघ होता चेन्नई.