ड्रायरची निकास नळी
कपडे वाळवणाऱ्या यंत्रातली गरम, दमट हवा घराबाहेर नेणारी नळी. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेनुसार ती ४ इंच व्यासाची, धातूची व आतून गुळगुळीत असावी लागते; जस्तलेपित पोलाद किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा वापरतात. वळ्यांची लवचीक नळी बसवायला सोपी खरी, पण वळ्यांत कपड्यांचे तंतू साचून हवा अडते, आणि हे तंतू चटकन पेट घेतात. आत डोकावणाऱ्या स्क्रूच्या टोकालाही ते अडकतात; म्हणून सांध्यांवर धातूची चिकटपट्टी लावणे बरे. लांबीची सर्वसाधारण मर्यादा ३५ फूट. प्रत्येक वळणामागे ती घटते. बाहेरच्या तोंडाला झडप हवी, जाळी मात्र नको.