आईबाबांच्या रिपोर्टमधली ‘सीईए’ची ओळ

मंडळी, आईबाबांच्या फुल बॉडी चेकअपचा रिपोर्ट व्हॉट्सॅपवर येतो. त्यात कधीकधी एक ओळ असते: सीईए, म्हणजे ‘कॅन्सर मार्कर’. आकडा पाचाच्या आत असला की आपण इकडे सिंगापुरात सुटकेचा निःश्वास टाकतो. वर गेला की झोप उडते. दोन्ही वेळा आपण घाईच करतो. का, ते या टेस्टच्या इतिहासातून कळतं.

साल १९६५, कॅनडातलं मॉन्ट्रियल. मॅकगिल विद्यापीठातल्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची गाठ आणि त्याच पेशंटच्या आतड्याचा निरोगी भाग यांची तुलना केली. गाठीत एक प्रोटीन सापडलं, जे पोटातल्या बाळाच्या आतड्यातही असतं! म्हणून नाव पडलं कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन. १९६९ मध्ये ते रक्तात मोजता आलं. आतड्याच्या कॅन्सरच्या ३६ पैकी ३५ पेशंटमध्ये ते सापडलं. वाटलं, जिंकलो!

पण इतर लॅबमध्ये तसं चित्र दिसेना. सिगरेट ओढणाऱ्यांत, लिव्हरच्या आजारातही सीईए वाढतं. उलट कॅन्सर सुरुवातीला असताना ते बऱ्याचदा नॉर्मलच असतं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने स्पष्ट सांगितलं, की निरोगी माणसांत कॅन्सर शोधायला ही टेस्ट नको.

मग टेस्ट वाया गेली का? नाही, तिला तिचं खरं काम मिळालं. ऑपरेशनआधी सीईए जास्त असेल, तर आजार परतण्याचा धोका जास्त. ऑपरेशननंतर ते खाली यायला हवं. आलं नाही, किंवा येऊन पुन्हा चढू लागलं, तर डॉक्टर पुढच्या तपासण्या करतात. इथे एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची.

म्हणून आईबाबांना फोनवर आकडा नका विचारू. विचारा, शौचातून रक्त जातं का? सवय बदलली का? वजन उतरलं का? तसं असेल तर ‘मूळव्याधच असेल’ म्हणून सोडू नका, सीईए नॉर्मल असलं तरी.

आणि आपलं काय? सिंगापुरात पन्नाशीनंतर दरवर्षी फिट टेस्ट करायला सांगतात. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त ती पकडते. घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता आणि कितव्या वर्षी, हेही आजच विचारून लिहून ठेवा. इथल्या डॉक्टरला आपली आजी-आजोबा माहीत नाहीत. उद्या मुलांना ते विचारलं जाईल, तेव्हा उत्तर आपल्याकडे हवं.