बटणावरचा आकडा आणि आपला इतिहास

ज्यांच्या हाती शतकानुशतके लेखणी येऊ दिली नाही, त्यांचा इतिहास कागदापेक्षा वस्तूंत अधिक सापडतो. कोल्हापूरच्या परिसरात शेत नांगरताना, पाया खणताना किंवा हल्ली धातुशोधक यंत्राने एखादे पितळी फौजी बटण मिळाले, की आपला तरुण म्हणतो, ‘हे आमच्या कोरेगावच्या पणजोबांचे!’ ही ओढ मी समजू शकतो. माझ्या घरातला पहिला पदवीधर मीच. वाडवडिलांचा कागद आमच्याकडेही नाही. परंतु पुराव्यावाचून केलेला एक दावा आपला सगळाच इतिहास खोटा ठरवण्याची संधी प्रस्थापितांना देतो. म्हणून बटण वाचायला शिकले पाहिजे.

प्रथम आकडा पाहावा. तो बहुधा पलटणीचा असतो. पण आकडेही फसवतात. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या मुंबई पलटणीने बंड केले. ती पलटण मोडली आणि तिचा आकडा १८६१ मध्ये बलुच पलटणीला मिळाला. १९०३ मध्ये तीच १२७ वी झाली. तेव्हा नुसते ‘२७’ पाहून १८५७ चे बंड आठवणे घाईचे ठरेल. शिवाय राजाराम रायफल्स ही संस्थानची फौज. तिची बटणे इंग्रजांच्या खाती घालू नयेत.

मग मुकुट पाहावा. व्हिक्टोरियाच्या काळातील मुकुटाच्या कमानी बहुधा मध्यभागी दबलेल्या असतात. १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या घुमटासारख्या गोल. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर बटण प्रजासत्ताकातले. मागच्या बाजूला कारखानदाराचे नाव व गाव, पुष्कळदा लंडन वा बर्मिंगहॅम, कोरलेले असते. त्यावरूनही काळ ठरवता येतो.

आता हा काळ आपल्या इतिहासाशी ताडून पाहा. १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. पूर्वी हवालदार असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये. महायुद्धात माणसे हवी झाली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट बेळगावात उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी. म्हणजे गोल कमानींचे बटण कोरेगावच्या शिपायाचे असूच शकत नाही. ती लढाई १ जानेवारी १८१८ ची.

बटण पलटण सांगते, काळ सांगते. अंगावर घालणाऱ्याची जात सांगत नाही. ती जोडायची तर पेन्शनचा कागद, घरातील आठवण आणि बटण सापडल्याची नेमकी जागा यांचा मेळ बसला पाहिजे. म्हणून चिंचेने घासून ते चकचकीत करू नका, अक्षरे झिजतात. जागा, खोली, तारीख लिहून ठेवा. पन्हाळ्यासारख्या संरक्षित स्थळी परवानगीवाचून खणणे गुन्हा आहे. अन्यत्रही जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे जुने धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावे लागते.

एक गोष्ट मात्र कोणतेही बटण सांगणार नाही. १८९३ ते १९१७ आणि १९२१ ते १९४१ या काळात आपल्या माणसाला शिपायाचा गणवेश नाकारला गेला. ही रिकामी जागा हाही पुरावाच आहे, आणि तो मातीत सापडत नाही. तो अर्जांतून, दफ्तरांतून आपणच वाचून काढायचा आहे.