गळ्यातला सुगंध आणि प्लेगची भीती

हेडफोनवाल्यांसाठी हा भाग आलाच आहे. लोकलमध्ये नेटवर्क गेल्यावर वाचणाऱ्यांसाठी हे लेखी रूप. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे' तेवढं काढून टाकलंय.

सुरुवात एप्रिल २०२१ पासून करते. दुसरी लाट, वर्क फ्रॉम होम, घरात आई-बाबा आणि आजी. फॅमिली ग्रुपवर तो मेसेज आला, तुमच्याकडेही आला असणारच: कापूर, ओवा, लवंग, वर निलगिरी तेलाचे दोन थेंब, पुरचुंडी बांधा आणि हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो. आजीने तासाभरात जुन्या साडीच्या फडक्यात चार पुरचुंड्या बांधल्या, दोरा लावला आणि म्हणाली, "घाल गळ्यात."

"अगं आजी, याने काही होत नाही. फॉरवर्ड आहे नुसतं."

"नसेल होत. वास तर चांगला येतो ना? घाल."

घातली. त्या पुरचुंडीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

बऱ्याच दिवसांनी लंडनमधल्या एका खजिन्याबद्दल वाचत होते. १९१२ साली चीपसाइड नावाच्या रस्त्यावर जुनी इमारत पाडताना मजुरांना तळघराच्या जमिनीखाली दागिने सापडले. साधारण पाचशे नग! सतराव्या शतकात कोणीतरी पुरलेले, परत न्यायला कोणी आलंच नाही. त्यात एक इवलीशी अत्तराची कुपी आहे. सोन्याची, पांढरं मीनाकाम, त्यावर माणकं आणि हिरे, आणि अडकवायला साखळी. फोटो बघून मला पहिली आठवण झाली ती आजीच्या पुरचुंडीची. (हिऱ्यांचं म्हणाल तर त्या काळी जगाला हिरे मुख्यतः आपल्याकडूनच जायचे. त्यामुळे कुपी लंडनची असली तरी माल थोडा ओळखीचा.)

अशा दागिन्यांचं युरोपातलं जुनं नाव पोमँडर. मूळ फ्रेंच शब्द 'पोम दाम्ब्र', म्हणजे अंबराचं सफरचंद. अंबर म्हणजे काय, तर आपल्याकडे 'व्हेल माशाची उलटी जप्त, किंमत कोट्यवधी' अशा बातम्या येतात ना, तेच. खरं तर ती उलटी नसते. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा तो पदार्थ आहे. आधी त्यात अंबर, कस्तुरी आणि मसाले मळून गोळा करायचे आणि जाळीदार सोन्याचांदीच्या गोलात घालून कमरेला किंवा गळ्यात अडकवायचे. पुढे सोनारांनी कमाल केली. वरचा स्क्रू फिरवला की गोल संत्र्याच्या फोडींसारखा उलगडतो. प्रत्येक फोड म्हणजे वेगळी डबी, सरकतं झाकण, आणि झाकणावर नाव कोरलेलं: गुलाब, दालचिनी, जायफळ. आकार अक्रोडाएवढा. मी तासभर या फोडींचे फोटोच बघत बसले होते. इतकं सुंदर हार्डवेअर!

पण हा नुसता शौक नव्हता, आणि मला खरं बोलायचंय ते याबद्दलच. १३४८ साली प्लेग पॅरिसला पोचला, तेव्हा राजाने विद्यापीठातल्या वैद्यांना कारण विचारलं. त्यांनी लिहून दिलं की १३४५ साली कुंभ राशीत शनी, गुरू आणि मंगळ एकत्र आले, त्याने हवा नासली, आणि ती नासलेली हवा श्वासातून आत जाते. आज हसू येतं. पण पुढची पायरी बघा: हवा नासली की दुर्गंध येतो, म्हणजे दुर्गंध हाच रोगाचा रस्ता, म्हणजे नाकाशी सुगंध धरला की रस्ता बंद. लॉजिकमध्ये कुठेही गडबड नाही, फक्त पहिलं गृहीतक चुकलेलं. मी रोज कोड लिहिते, आणि असे बग सगळ्यात उशिरा सापडतात, कारण पुढचं सगळं बरोबर चालत असतं. मलेरिया हा शब्दसुद्धा त्याच समजुतीतून आला, इटालियनमध्ये 'माला आरिया' म्हणजे वाईट हवा.

ज्याला जे परवडेल ते त्याने धरलं. इंग्लंडचा कार्डिनल वुल्झी गर्दीतून जाताना कोरून पोकळ केलेलं संत्रं नाकाशी धरायचा, आत व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंज. गरिबाकडे फार तर पाल्याची जुडी. आणि श्रीमंताच्या फोडीतलं जायफळ यायचं बांदा बेटांवरून. जायफळाच्या व्यापारावर एकहाती ताबा मिळावा म्हणून डच कंपनीने १६२१ साली तिथल्या बहुतेक लोकांना मारलं, गुलाम केलं किंवा हुसकावून लावलं. म्युझियमच्या काचेमागची ती डबी बघताना हे कोणी सांगत नाही.

सुगंधाने प्लेग थांबला का? नाही. लंडनच्या १६६५ च्या साथीत सरकारी नोंदीतच ६८,५९६ मृत्यू आहेत. डब्या मात्र पुढेही निघत राहिल्या. अठराव्या शतकाच्या शेवटी चांदीची चपटी डबी आली, आत जाळी, जाळीखाली सुगंधी व्हिनेगरचा स्पंज. भीती ओसरत गेली, राहिला दागिना.

समजूत मात्र आपल्या दारापर्यंत आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९४ मध्ये, यर्सिनने हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला होता. तरीही मुंबईत भर राहिला तो गटारं धुण्यावर आणि घरं कार्बोलिकने भिजवण्यावर. सुगंधाच्या जागी औषधाचा उग्र वास, एवढाच फरक. जंतू उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे सिमोंने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि तेही लोकांनी लगेच मानलं नाही.

आता ती पुरचुंडी. कापराने किंवा निलगिरीने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, ऑक्सिजन वाढत नाही. (लहान मुलांच्या तर गळ्यात कापूर बांधूच नका, तो त्यांना घातक ठरू शकतो.) मे महिन्यात एका सकाळी सवयीने मी पुरचुंडी नाकाशी नेली. काहीच नाही. वाटलं, कापूर उडून गेला असेल. आईची घेतली, हुंगली, तरी काही नाही. आई म्हणाली, "अगं, इथपर्यंत घमघमाट येतोय."

ताप नव्हता, खोकला नव्हता. मी तशीच उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. रिपोर्ट दोन दिवसांनी आला, पॉझिटिव्ह. तोपर्यंत आजी दाराबाहेर चहा ठेवून लांबून ओरडायची, "आला का वास?" बाकी तिघांपैकी कोणालाच काही झालं नाही.

ती पुरचुंडी अजून माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे. कापूर कधीच उडून गेलाय. ओवा आणि लवंग तेवढी हाताला लागते.