वर्गणी थांबल्यावर उरते ते

छापील नियतकालिकाची वर्गणी बंद केली म्हणून आधीचे बांधीव खंड कोणी कपाटातून काढून नेत नाही. ई-जर्नलच्या बाबतीत मात्र प्रश्न पडतो: आपण पैसे भरले ते अंकांचे, की अंक पाहू देण्याचे? याचे उत्तर करारातल्या एखाद्या कलमात दडलेले असते. ते कलम कसे वाचावे आणि सही करण्यापूर्वी कसे बदलून घ्यावे, हे सांगण्यासाठी हे पुस्तक आहे.

अशा कलमाचे मोल कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या उदाहरणात दिसते. एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेशी चाललेली त्यांची बोलणी फेब्रुवारी २०१९ मध्ये फिसकटली आणि जुलैमध्ये नवे लेख बंद झाले. पण २०१८ पर्यंतचे बरेचसे लेख वाचकांना मिळत राहिले, कारण तो हक्क आधीच्या करारांनी दिलेला होता. नवा करार मार्च २०२१ मध्ये झाला. जुने अंक हातचे जाणार नाहीत अशी खात्री असेल, तरच ग्रंथालयाला वाटाघाटीतून उठून येता येते. म्हणजे आजचे कलम हे उद्याच्या बोलणीतले बळ असते.

हक्क लिहून घेतला तरी प्रत कुठे आहे, हे विचारायचे उरतेच. प्रकाशकच थांबला, तर त्याच्या सर्व्हरवरचा हक्क काय कामाचा? सेज प्रकाशनाने ‘ग्राफ्ट’ हे अवयव-प्रत्यारोपणाचे नियतकालिक बंद केले, तेव्हा २००८ मध्ये त्याचे अंक ‘क्लॉक्स’च्या साठ्यातून सर्वांसाठी खुले झाले. प्रकाशक आणि ग्रंथालये मिळून चालवतात अशी ही जतनव्यवस्था आहे. त्यामुळे ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला, की चार गोष्टी विचाराव्यात: कोणत्या वर्षांचे अंक, कोणाच्या साठ्यातून, कोणत्या शुल्कावर आणि नियतकालिक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले तर काय?

आपल्याकडे हा विषय आता राष्ट्रीय पातळीवर पोचला आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा आवाका आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळे केंद्रामार्फत चालणाऱ्या या योजनेमुळे लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयातही मोठ्या विद्यापीठाइतकेच वाचता येईल, हे मोठेच काम आहे. पण करार दिल्लीत झाला, तरी वाचक आपल्या टेबलासमोर उभा असतो. २०२८ नंतर २०२५ चा अंक मागायला तो येईल, तेव्हा काय दाखवायचे, हे ग्रंथपालाने आजच विचारायला हवे.

त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. दाखल-नोंदवहीत एकेक अंक चढवताना जी चिकाटी लागते, तीच इथे पुरते. आपल्या ग्रंथालयाचा एखादा करार शेजारी ठेवूनच पहिले प्रकरण उघडावे.