नाणेघाटातला संसाराचा हिशेब

अविनाश अरुण यांच्या ‘थ्री ऑफ अस’ (2023) या चित्रपटातल्या शैलजाला स्मृतिभ्रंश जडला आहे. सगळं पुसलं जाण्याआधी बालपणीचं वेंगुर्ला एकदा डोळे भरून पाहावं म्हणून ती निघते. सोबत नवरा दीपंकर. तिथे तिचा शाळासोबती प्रदीप भेटतो, जुन्या वाटा उलगडतात. इतकी वर्षं एका छताखाली काढूनही हे आपल्याला ठाऊक कसं नव्हतं, असा प्रश्न नवऱ्यापुढे उभा राहतो. एकाला आठवेनासं झालं की दोघांच्या संसाराचा हिशेब ठेवायचा कुणी?

जुन्नर तालुक्यात एका बाईनं तो दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर ठेवला.

कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटाच्या माथ्याशी कातळात एक लेणं खोदलेलं आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांबलचक लेख आहे. अभ्यासक तो सातवाहन राजा सातकर्णीची राणी नायनिका, म्हणजेच नागनिका, हिचा मानतात. तोवर सातकर्णी हयात नव्हता. लेखातली राणी महिना-महिना उपवास करते, घरात राहून तापसीचं जिणं जगते. आणि मग हिशेब सुरू होतो: दोघांनी मिळून केलेले यज्ञ, म्हणजे अग्न्याधेय, राजसूय, दोनदा अश्वमेध. दक्षिणा किती दिली, तेही आकड्यांत. एके ठिकाणी 1700 गाई आणि 10 हत्ती. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात हे आकडे मोजले जातात.

पुढे लिपीच विसरली गेली. लेख डोळ्यांसमोर होता, वाचणारं कुणी नव्हतं. 1828 मध्ये विल्यम साइक्स हा इंग्रज अधिकारी इथे पोचला. भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी खपून वाचन केलं, तेव्हा हिशेब पुन्हा कळू लागला. तोही तुकड्यातुकड्यांनी, कारण मधल्या कित्येक ओळी झिजून गेल्या आहेत.

मागच्या भिंतीत या राजघराण्याचे पुतळे होते. आता चेहरे नाहीत, धडं नाहीत. पावलांच्या जेमतेम खुणा उरल्यात. डोक्यावर कोरलेली नावं मात्र वाचता येतात. राजा सिमुकाला स्वतंत्र ओळ, राजकुमारांना स्वतंत्र. नायनिका आणि सातकर्णी या दोघांना मिळून एकच ओळ आहे, आणि त्या ओळीत राणीचं नाव आधी येतं.