सोयरा

लग्नघरात ‘सोयरीक जमली’ म्हणतात, तेव्हा दोन परकी घरं जोडली जातात. पण ‘सोयरा’चं मूळ सांगतात ते संस्कृत ‘सोदर’, म्हणजे एकाच उदरातून जन्मलेला. प्राकृतात ‘द’ गळून ‘सोअर’ झालं. सख्ख्या भावंडाचा शब्द व्याह्यांपर्यंत पोचला, केवढा हा प्रवास!

हेच मुलीचंही नाव झालं. १४व्या शतकात चोखामेळ्यांच्या पत्नी संत सोयराबाईंनी अभंगांतून विटाळाच्या कल्पनेलाच थेट प्रश्न विचारले. त्या धिटाईपुढे आजही मान लवते. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकात शिवाजी महाराजांसोबत होत्या महाराणी सोयराबाई.

आता बारशाला हे नाव क्वचितच निघतं. आत्याने ‘कुर्र’ करून तान्हीच्या कानात पुन्हा सांगावं, इतकं ते आपलं आहे.